सातेरीची घरपोच पेटी (खानापूर भाग): माश्या चांगल्या, हमी तोकडी

खानापूर-जांबोटी पट्ट्यात सातेरी या देशी मधमाशीच्या भरलेल्या पेट्या घरपोच देणाऱ्या एका पुरवठादाराबद्दल हा अभिप्राय. माल चोख आहे. पोळ्याच्या सहा लाकडी चौकटी माश्यांनी गच्च, तीनवर पिल्लावळ, कडेला मध आणि पराग. पेटी रात्रीच हलवतात, चौकटी खिळवून आणतात. स्टँडच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्याही मिळतात.

खटकते ती हमी. राणी नसेल तर पेटी बदलून देतात, पण तक्रार 48 तासांत करायची. इथेच घोळ आहे. अंड्यातून अळी निघायला तीन दिवस लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी दिसलेली अंडी जुन्या जागेवरचीच असू शकतात, राणी वाटेत हादऱ्याने चेंगरून मेली असली तरी! शिवाय नव्या जागी लगेच पेटी उघडली की सातेरी पेटी सोडून जाण्याची भीती असते. हमी किमान आठ दिवसांची हवी; पैसे देण्याआधी तसं लिहून घ्या.

तपासणी पाचव्या दिवशी करा. ऊन चढल्यावर, धूर बेताचा, दहा मिनिटांत आटपेल अशी. राणी शोधत बसू नका, ती फार चपळ असते. मधली चौकट उचला, ऊन पाठीवरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडेल अशी तिरकी धरा. तळाच्या मधोमध एकेक पांढरं, तांदळाच्या कणीहून बारीक अंडं दिसलं की राणी आहे. उभं अंडं ताजं, आडवं झालेलं तिसऱ्या दिवसाचं.

एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, असं सगळीकडे असेल तर कामकरी माश्या अंडी घालताहेत, म्हणजे राणी नाही. पोळ्याच्या मधल्या भागावर राणीघरं (नवी राणी वाढवायची मोठी घरं) लोंबत असतील तर राणी गेली. त्याच दिवशी फोन करा. अंडीही नाहीत आणि राणीघरंही नाहीत, अशा वेळी घाई नको. प्रवासानंतर राणी काही दिवस अंडी थांबवू शकते. दुसरी पेटी असेल तर तिच्यातली अंडी आणि कोवळ्या अळ्यांची एक चौकट माश्या झटकून इथे द्या. दोन-तीन दिवसांत तिच्यावर राणीघर बांधायला घेतलं तर राणी नाही हे नक्की.

क्वीन गेट (राणी बाहेर जाऊ नये म्हणून पेटीच्या दाराला लावायची जाळी) लावून देतात, पण काढायचं कधी ते सांगत नाहीत. ताजी अंडी दिसली आणि माश्या पायांवर पराग आणू लागल्या की काढा. नर माश्या त्यातून जात नाहीत, आत मरून वाट तुंबवतात. राणीघर असेल तर ठेवूच नका, कारण नव्या राणीला मिलनासाठी बाहेर उडावंच लागतं.

साखर-पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, पेटीच्या आतच. बाहेर सांडलं तर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू होते. मागणी दिवाळीनंतर नोंदवा, म्हणजे जांभूळ फुलेपर्यंत वसाहत रुळलेली असते. माश्यांना 5 पैकी 4, हमीला 1.