फ्लॅटहेड व्ही-८ वर भंगारातला एम-९० सुपरचार्जर: काही महिने चालवल्यावर

इंजिन: फोर्ड ८ बीए, १९५१, २३९ घनइंच, फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकच्या बाजूला असलेलं. तळाचा भाग मूळचाच, फक्त बेअरिंग आणि रिंगा नव्या. सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा, बेल्टवर चालणारा पंप): ईटन एम-९०, जनरल मोटर्सच्या ३८०० व्ही-६ वरून काढलेला. पेट्रोल: कॅलिफोर्नियातल्या पंपावरचं ९१ ऑक्टेन, इथेनॉलसकट. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना स्मॉग चेक (धुराची सरकारी तपासणी) लागत नाही, म्हणून कागदपत्रांचा त्रास नाही.

निकाल आधीच सांगतो. या सगळ्या कामात ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जर, हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कटकटीचा भाग निघाला. पैसा आणि डोकं खर्ची पडतं ते त्याच्या आजूबाजूला: ब्लॉकची तपासणी, पुली, इग्निशन, कार्ब्युरेटर. बजेट आखताना लोक याच्या नेमकं उलट करतात.

जुन्या हॉट रॉडवर (जोर वाढवलेल्या जुन्या गाडीवर) शोभतो तो जीएमसीचा ४-७१. डेट्रॉइटच्या टू-स्ट्रोक डिझेलला हवा पुरवणारा हा ब्लोअर. ७१ म्हणजे त्या डिझेलच्या एका सिलिंडरचे घनइंच, ४ म्हणजे सिलिंडर. दिसायला तोडच नाही. पण रीबिल्ट केलेला ४-७१, त्याचं मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा वाटून देणारा भाग) आणि ड्राइव्ह असं सगळं धरलं की हिशेब हजारो डॉलरमध्ये जातो. एम-९० भंगाराच्या यार्डात दीडशे डॉलरच्या आसपास मिळतो, पुढच्या नाकात त्याचं स्वतःचं तेल असतं, इंजिनातून तेलाची लाइन ओढावी लागत नाही. दिसतो मात्र नव्वदच्या दशकातल्या ब्युइकचा भाग असल्यासारखा, कारण तो तोच आहे. शोमध्ये टोमणे ऐकायची तयारी ठेवा.

एम-९० घेताना एक फरक लक्षात ठेवा. १९८९ ते १९९५ च्या थंडरबर्ड सुपर कूपवरच्या एम-९० ची हवा वरून बाहेर पडते, कारण ती पुढे इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जायची असते. जनरल मोटर्सचा एम-९० खालून हवा सोडतो आणि सरळ मॅनिफोल्डवर बसतो. फ्लॅटहेडच्या मधल्या दरीवर बसवायला दुसराच सोयीचा. पोंटिअॅक बोनव्हिल एसएसईआय, ग्रँड प्री जीटीपी, ब्युइक रीगल जीएस, पार्क अॅव्हेन्यू अल्ट्रा या गाड्यांवर तो सापडतो. काढतानाच त्याच गाडीचा बेल्ट टेन्शनरही उचला, पुढे त्याची गरज पडते.

यार्डात पुली हाताने फिरवून बघा. ती एकसारखी फिरली पाहिजे. नाकात खुळखुळ आवाज आला तर कपलर झिजलाय. तो स्वस्तात बदलतो, तेवढ्यावरून माल सोडू नका. खालच्या तोंडातून टॉर्च मारून रोटर पाहा. कोटिंग थोडं उडालेलं चालतं, पण केसच्या भिंतीवर धातूने धातू खरवडल्याच्या रेघा असतील तर बेअरिंग गेलंय, तो तिथेच ठेवा. तेल बदलायला ४ औंसाच्या दोन बाटल्या आणा. पातळी भरायच्या भोकाच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत, ब्लोअर थंड असताना. जास्त भरलं की सील तेल बाहेर फेकतं.

आता ब्लॉक. फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टचा रस्ता ब्लॉकच्या आतूनच, पाण्याला खेटून जातो आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड असतं. उष्णता तिथेच अडकते, आणि व्हॉल्व्ह सीटपासून बोअरपर्यंत (सिलिंडरच्या भिंतीपर्यंत) तडा जाण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने बारीक तडे शोधण्याची चाचणी) आणि पाण्याचा दाब लावून तपासणी झाल्याशिवाय ब्लोअरवर एक डॉलरही घालू नका. हेड बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंतचे बारीक तडे पुष्कळ ब्लॉकना असतात, त्यांच्यासकट इंजिन चालतं. सीट ते बोअर तडा असेल तर ब्लॉक बदला. हेडचे बोल्ट पाण्यात उतरतात, म्हणून आट्यांना सीलर लावायलाच हवा. लोखंडी हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत ६५ पाउंड-फूटपर्यंत आवळा, आणि इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झालं की पुन्हा.

मूळ लोखंडी हेड बदलू नका. त्याचं कॉम्प्रेशन ६.८ आहे, आणि ब्लोअरखाली तेच तुमच्या फायद्याचं. ढोबळ हिशेब असा: कॉम्प्रेशनला १ + (बूस्ट ÷ १४.७) याने गुणा; बूस्ट म्हणजे ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब, पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच). ५ पीएसआयला ६.८ चे साधारण ९.१ होतात, ९१ ऑक्टेनवर निभतं. चकाकणारं ८ कॉम्प्रेशनचं अॅल्युमिनियम हेड लावलं तर तेच १०.७ होतात, आणि साइड-व्हॉल्व्हच्या लांबट चेंबरमध्ये नॉकिंगला (मिश्रण स्फोटासारखं आपोआप पेटण्याला) आमंत्रण मिळतं.

पुलीचं गणित लोक अंदाजाने करतात. इथे अंदाज महाग पडतो. फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात अर्ध्या क्षमतेएवढी हवा घेतं, म्हणजे ११९.५ घनइंच, फ्लॅटहेडची श्वास घ्यायची कुवत बघता प्रत्यक्षात त्याच्या ७५ ते ८० टक्के. एम-९० एका फेऱ्यात ९० घनइंच ढकलतो, गळती वजा केली तर ७५ च्या आसपास. यातून ५ पीएसआयसाठी १.५ ते १.६ चं गुणोत्तर निघतं. एम-९० ची मूळ पुली ३.८ इंचाची, तिच्याबरोबर क्रँकवर ६ इंचाची पुली लावली की १.५८ मिळतं. इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांवर (आरपीएम) असताना रोटर ७,१०० वर फिरतो. कंपनीने तो याहून कितीतरी जोरात फिरवला होता, म्हणून ब्लोअर कुरकुरत नाही. या वेगाला तो क्रँककडून ११-१२ अश्वशक्ती खातो.

क्रँक पुली लेथवर करून घ्यावी लागते. सहा रिबचा बेल्ट, आणि पाण्याच्या दोन पंपांच्या जुन्या रुंद बेल्टच्या पुढे त्याची जागा. पुली बनवण्याआधी रेडिएटरपर्यंतचं अंतर मोजा. १९३२ च्या फोर्डच्या फ्रेममध्ये तिथे बोटही मुश्किलीने जातं. टेन्शनर बेल्टच्या ढिल्या बाजूला. ब्लोअरच्या पुलीला बेल्टचा वेढा १५० अंशांहून कमी पडला की बूस्टमध्ये तो घसरतो आणि रिबांवर चकाकी येते. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून तपासा. इंचाच्या सोळाव्या भागापेक्षा जास्त फरक बेल्ट फाडतो. ८ बीएचा डिस्ट्रिब्युटर पुढे उजवीकडे उभा असतो, बेल्टची वाट त्याला चुकवून काढा.

मॅनिफोल्डसाठी जुनं अॅल्युमिनियमचं मॅनिफोल्ड (८ बीएचं मूळ लोखंडी असतं, त्याला ही प्लेट वेल्ड होत नाही) घेऊन वरचा भाग मिलिंगवर उतरवला आणि अर्ध्या इंचाची ६०६१ अॅल्युमिनियम प्लेट वेल्ड केली. वेल्डिंगने प्लेट वाकतेच, म्हणून वरचं मिलिंग वेल्डिंगनंतर करा. तेल भरायची नळी आणि पेट्रोल पंपाचा स्टँड याच मॅनिफोल्डवर असतात. ब्लोअर बसला की पंपाला जागा राहत नाही, इलेक्ट्रिक पंप लावावा लागतो. क्रँककेसचा ब्रीदर दुसरीकडे काढायला विसरलात तर बूस्टमध्ये मागच्या सीलमधून तेल येतं. आणि प्लेटवर स्प्रिंगचा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (दाब अचानक वाढला की उघडणारा) हवाच. या रचनेत ब्लोअरच्या पोटात पेट्रोलचं मिश्रण भरलेलं असतं. एका बॅकफायरने रोटर वाकू शकतात.

कार्ब्युरेटर ब्लोअरच्या मागे, पाव इंची प्लेटच्या एल्बोवर (वळणाच्या नळीवर). एल्बोचा तळ रोटरकडे उतरता ठेवा, नाहीतर थंड सकाळी तिथे पेट्रोलचं डबकं साचतं. हवेची गरज ४,५०० आरपीएमला तीनशे-सव्वातीनशे सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणून ३९० सीएफएमचा होली पुरतो; ६०० चा लावणारे खालच्या वेगात गाडी अडखळते म्हणून रडतात. होलीत एक मेख आहे. पूर्ण थ्रॉटलवरही कार्ब्युरेटरच्या खाली ब्लोअर ओढत असतो, व्हॅक्यूम शिल्लक राहतो, आणि पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागतो तेव्हा जादा पेट्रोल सोडणारा) बंदच राहू शकतो. म्हणजे बूस्ट चढलेला आणि मिश्रण पातळ. पॉवर व्हॉल्व्हला ब्लोअरच्या खालून, मॅनिफोल्डमधून वेगळा सिग्नल द्या. दोन स्ट्रॉमबर्ग ९७ लावले तर हा प्रश्न येत नाही, त्यांचा पॉवर व्हॉल्व्ह दांड्याने उघडतो. पण त्यांना पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या आत लागतो, नाहीतर ते वाहतात. ब्लोअरचा बायपास व्हॉल्व्ह (गरज नसताना हवा परत फिरवणारा) काढून टाकू नका. त्याची व्हॅक्यूम नळी थ्रॉटल आणि रोटरच्या मधून घ्या. हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना तो उघडा राहतो आणि ब्लोअर फुकट तापत नाही.

इग्निशन हा या कामाचा खरा कळीचा भाग. ८ बीएच्या मूळ लोडोमॅटिक डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनांचा सेंट्रिफ्यूगल अॅडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणारी सोय) नसतोच. तो मूळ कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमवर चालतो. कार्ब्युरेटर बदलला की त्याला चुकीचा सिग्नल मिळतो. सेंट्रिफ्यूगल अॅडव्हान्सचा डिस्ट्रिब्युटर घ्या आणि बूस्टमध्ये एकूण १८ अंशांपासून सुरुवात करा. २० च्या वर फायदा जाणवला नाही, धोका मात्र वाढतो. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.०२५ इंच, जास्त गॅप ठेवला की बूस्टमध्ये ठिणगी विझते. प्लग काढून भिंगाखाली बघायची सवय लावा. पांढऱ्या चिनीमातीवर काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू आहे, कानाला ऐकू येवो न येवो. दोन्ही एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सरची (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या) जागा वेल्ड करून घ्या. बूस्टमध्ये मिश्रण १२ च्या आसपास ठेवा, १२.५ च्या वर गेलं की पाय उचला.

चालवायला कसं वाटतं? बूस्ट २,००० लाच जाणवू लागतो आणि ३,५०० च्या पुढे काटा ५ वर स्थिर राहतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर आता गिअर बदलावा लागत नाही, हाच या खर्चाचा मोबदला. वरच्या वेगात मोठा फरक नाही आणि तो शोधूही नये: तीनच मेन बेअरिंगचा क्रँक आहे, ४,५०० ही मर्यादा समजा. पेट्रोलची वाफ होताना मिश्रण थंड होतं, म्हणून इंटरकूलर नसूनही नॉकिंग आटोक्यात राहतं. याची दुसरी बाजू थंडीत दिसते. इंजिन पुरतं तापेपर्यंत गाडी उचक्या देते, आणि ते सेटिंगने पूर्ण जात नाही.

ट्रॅफिकमध्ये तापमान पूर्वीपेक्षा वर जातं. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांमधली जुनी ओतकामाची रेती आणि गंज खरवडून काढणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. नवा रेडिएटर त्यानंतर. थर्मोस्टॅट दोन्ही हेडला, एकसारखे.

बिघाडांत एक गोष्ट या रचनेतच दडलेली आहे. एम-९० च्या मागच्या सुई-बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं, आणि कंपनीने तो कोरड्या हवेसाठी बनवला, पेट्रोल मिसळलेल्या नव्हे. इथेनॉलचं पेट्रोल ते ग्रीस हळूहळू धुऊन नेतं. मागून बारीक खरखर ऐकू आली की वाट बघू नका, बेअरिंग आणि सील बदला. एका दुपारचं काम आहे. रोटर केसला लागेपर्यंत थांबलात तर यार्डात दुसरा एम-९० शोधायचा.

पुण्या-मुंबईत विंटेज नोंदणीच्या गाडीवर हे करायचा विचार असेल तर मात्र सोडून द्या. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज दर्जा मिळतो तो इंजिन, चॅसिस, बॉडीत मोठा फेरबदल नसेल तरच, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरबदलाबद्दलचं) वेगळं आडवं येतं.

गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर पंप बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. ब्लोअरमध्ये पेट्रोल साठून राहिलं नाही की मागच्या बेअरिंगचं ग्रीस जास्त टिकतं.