स्पिन की ब्लेड? द्रावणातून सेंद्रिय फिल्म काढण्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं

द्रावणातून सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर, म्हणजे फिल्म, काचेवर काढायची आहे. जागा आणि पैसे एकाच यंत्रापुरते असतील, तर स्पिन कोटर घ्यायचा की ब्लेड कोटर? १०० नॅनोमीटरची चांगली फिल्म दोन्हींतून निघते. महत्त्वाचा फरक थर कसा वाळतो यात आहे, आणि बाकीचे बरेच फरक त्यातूनच येतात.

स्पिनमध्ये काच मिनिटाला १,००० ते ५,००० फेऱ्यांनी फिरते. जास्तीचं द्रावण कडेने उडतं आणि उरलेल्यातला सॉल्व्हंट (पदार्थ विरघळवणारा द्रव) वाऱ्याने वाळतो. जाडी फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते: १,००० फेऱ्यांना १४० नॅनोमीटर आली, तर ४,०००ला साधारण ७० येते. त्यामुळे तीन-चार काचांतच हवी ती जाडी सापडते. वाळत असताना काचेवर नजर ठेवा. रंग भराभर पालटतात आणि एका क्षणी थबकतात; तिथे फिल्म वाळली. ६१ अंशांना उकळणारा क्लोरोफॉर्म काही सेकंदांत तिथे पोचतो, १३२ अंशांचा क्लोरोबेंझीन बराच उशिरा. रंग थबकण्याआधीच मोटर बंद केली, तर ओला थर सरकतो आणि जाडी बिघडते.

धूमकेतूसारखी शेपटी दिसली तर उगमाशी कण असतो. द्रावण ०.४५ मायक्रोमीटरच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा. पेडॉट-पीएसएस हा वीजवाहक पॉलिमर पाण्यातला असतो आणि पीटीएफई पाण्याला वाट देत नाही, म्हणून त्याला पीव्हीडीएफ या दुसऱ्या प्लास्टिकचा फिल्टर. मधोमध गोल भोक पडलं तर बहुतेक वेळा पिपेटमधून बुडबुडा उतरलेला असतो. शेवटचा थेंब दाबून काढू नका.

स्पिनची मोठी उणीव म्हणजे नासाडी. १५ × २० मिलिमीटरच्या काचेवर १०० नॅनोमीटर फिल्म म्हणजे जेमतेम ०.०३ मिलिग्रॅम पदार्थ. मिलिलिटरला २० मिलिग्रॅमचं द्रावण ४० मायक्रोलिटर टाकलं, तर ०.८ मिलिग्रॅम खर्ची पडतं. म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त भांड्याच्या भिंतीवर गेलं. स्वतः बनवलेला पॉलिमर मोजून ३० मिलिग्रॅमच असेल, तर हे फार जिव्हारी लागतं.

ब्लेडमध्ये काचेपासून १०० ते ३०० मायक्रोमीटर वर धरलेलं पातं द्रावण ओढत नेतं. तेवढ्याच द्रावणात त्याच्या कितीतरी पट क्षेत्र झाकलं जातं. पण वेगाचा हिशेब इथे उलटा वाटतो. अगदी मंद वेगात थर पात्याच्या कडेलाच वाळतो आणि वेग वाढवला की फिल्म पातळ होते. त्यापुढे, सेकंदाला काही मिलिमीटरनंतर, वेग वाढवला की ती जाड होते: ५वरून १० मिलिमीटरला नेलं तर साधारण १.६ पट. आपण कोणत्या बाजूला आहोत हे तीन वेग घेऊन आधी ठरवा. नाहीतर दुरुस्ती भलत्याच दिशेने होते. पात्याखालचं द्रावण संपत येतं तसा थर शेवटाकडे पातळ होतो. जाड होण्याच्या बाजूला असाल तर वेग हळूहळू चढवत नेल्याने हे भरून निघतं.

आणि ओला थर इथे स्वतःच्या गतीने वाळतो. पी३एचटी या अर्धवाहक पॉलिमरला ते मानवतं, त्याच्या साखळ्यांना रचून बसायला वेळ मिळतो. काही मिश्रणांत मात्र तेवढ्या वेळात घटक वेगळे होऊन मोठे गोळे धरतात. म्हणून गरम होणारा तळ आणि नायट्रोजनचा झोत नसलेला ब्लेड कोटर घेऊ नये. स्पिनवरची कृती ब्लेडवर जशीच्या तशी उतरत नाही; सांद्रता, तापमान, सॉल्व्हंट पुन्हा बसवावे लागतात.

नवनवीन पदार्थ छोट्या काचांवर तपासायचे असतील, तर स्पिन घ्या. पदार्थ तुटपुंजा असेल, किंवा काम पुढे मोठ्या पृष्ठांवर अथवा रोलवर जाणार असेल, तर पहिल्या दिवसापासून ब्लेड. तिथून स्लॉट-डायकडे, म्हणजे अरुंद फटीतून मोजून द्रावण सोडणाऱ्या यंत्राकडे, जाणं सोपं. त्यात ओली जाडी थेट हिशेबाने निघते: मिनिटाला १ मिलिलिटर, रुंदी १० सेंटिमीटर, वेग मिनिटाला १ मीटर, म्हणजे १० मायक्रोमीटर. वरच्याच, मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या सांद्रतेने ते वाळून २०० नॅनोमीटरच्या आसपास उरतं.