तोपकापी की दोल्माबाह्चे? हाती एकच दिवस असेल तर

इस्तंबूलला निघालेल्या बहुतेकांना या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही बघा’ असंच हवं असतं. दोन्ही राजवाडे एका दिवसात उरकता येतात, नाही असं नाही. पण मग संध्याकाळी डोक्यात उरतात ती नुसती झुंबरं आणि हिरे. ऑटोमन दरबार चालायचा कसा, हे समजून घ्यायचं असेल तर एकच निवडावा.

आधी दोल्माबाह्चेच्या बाजूने बोलतो, कारण पुढे माझा कल लपणार नाही. १८५६ मध्ये पूर्ण झालेला हा राजवाडा बघायला सोपा आहे. २८५ खोल्या, आणि सामान जागच्या जागी: हेरेकेचे गालिचे, घड्याळं, खुर्च्या, बाक्काराच्या काचेचे खांब लावलेला जिना. मुआयेदे, म्हणजे समारंभाच्या दालनातलं झुंबर साडेचार टनांचं आहे. ते व्हिक्टोरिया राणीची भेट म्हणून सांगितलं जायचं. पुढे पावती सापडली आणि पैसे मोजून घेतल्याचं उघड झालं. तंझिमातचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या ऑटोमन सुधारणांचा काळ, युरोपकडून घेतलेली कर्जं, १८७५ ची दिवाळखोरी यांत रस असेल तर इथेच जा. १८७७ मध्ये पहिल्या ऑटोमन संसदेचं उद्‌घाटन याच मुआयेदे दालनात झालं. ७१ क्रमांकाच्या खोलीत १९३८ साली तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क वारले.

मराठी माणसाला एक धागा ओळखीचा लागेल. शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याला मार्च १९२४ मध्ये याच राजवाड्यातून देशाबाहेर काढलं. पुढे त्याची मुलगी दुर्रुशेहवार हैदराबादच्या निजामाची सून झाली. खलिफासाठी निजामाने आपल्या खुलताबादेत कबरही बांधवून ठेवली होती. ती रिकामीच राहिली. खलिफाचं दफन मदिनेत झालं.

तरीही माझं मन दोल्माबाह्चेवर बसत नाही, आणि कारण तसं क्षुल्लक आहे: दोरी. पायात प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, आखून दिलेल्या पट्टीवरून एकाच दिशेने चालायचं, आत फोटो नाही आणि मागे फिरायचं तर मुळीच नाही. एरवी हे खपवून घेता आलं असतं. पण दरबार म्हणजे शेवटी कोण कुठवर जाऊ शकतो, कुठे थांबतो आणि कुणाला दिसतो याचाच हिशेब. तो समजायला दोन पावलं मागे येऊन पुन्हा बघावं लागतं, आणि नेमकं तेच इथे करता येत नाही. शिवाय सुलतानाचा मुक्कामही इथे सलग नव्हता. सुलतान दुसरा अब्दुलहमीद लवकरच यिल्दिझ या दुसऱ्या राजवाड्यात राहायला गेला आणि १९०९ पर्यंत इथे यायचा तो ईदच्या दरबारापुरता.

तोपकापीत उलट अडचण आहे. खोल्या रिकाम्या दिसतात. बैठकी भिंतीलगत, अंथरूण रात्री घालायचं नि सकाळी गुंडाळायचं, अशी राहणी. त्यामुळे मांडून ठेवण्यासारखं फर्निचर मुळात थोडंच. तयारी न करता गेलेला माणूस खजिन्याच्या रांगेत तास घालवतो, ८६ कॅरेटचा हिरा बघतो आणि कंटाळून बाहेर पडतो. इथे बघायचे ते उंबरठे: एकामागून एक येणाऱ्या चार अंगणांचे.

दुसऱ्या दरवाजातून घोड्यावर बसून आत जाण्याचा मान फक्त सुलतानाचा. वजीरसुद्धा तिथे पायउतार व्हायचा. आत डावीकडे कुब्बेआल्ती, म्हणजे दिवाणखाना. दिवाण, म्हणजे वजिरांची सभा, आठवड्यातून चार दिवस भरायचा. वजीर-ए-आझमच्या (मुख्य वजिराच्या) बैठकीच्या वर भिंतीत एक जाळीदार खिडकी आहे. तिच्यामागे सुलतान बसलेला असे किंवा नसे, खाली कुणालाच कळायची सोय नव्हती. त्या खिडकीखाली उभं राहून एकदा वर बघा. धाक म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. समोरच्या बाजूला मुदपाकखाना, दोन रांगांत वीस धुराडी. दर तीन महिन्यांनी याच अंगणात जॅनिसरींचा, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळाचा पगार वाटला जाई आणि जेवण दिलं जाई. त्यांनी सूप नाकारलं की समजायचं, बंड आलं.

तिसरा दरवाजा बाब-उस्-सआदत. त्याला लागूनच आत अर्ज ओदासी, म्हणजे सुलतानाच्या भेटीचं दालन; ‘अर्ज’ आपलाच शब्द. परदेशी वकिलाला दोन्ही दंड धरून सुलतानापुढे नेत. दाराशी भिंतीत एक कारंजं आहे: आतली बोलणी बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून पाणी वाहतं ठेवायचं. दोल्माबाह्चेत हाच वकील खुर्चीवर बसायचा. या दोन दृश्यांमधला फरक लक्षात आला की निम्मा इतिहास कळला म्हणायचा.

आता क्रम, कारण घोटाळा इथेच होतो. दार उघडताच पोचा आणि आधी जनानखान्यात जा. त्याचं प्रवेशद्वार दुसऱ्या अंगणात डावीकडे आहे. मुराद तिसऱ्याची १५७८ ची खोली आणि शाहजाद्यांना कोंडत तो ‘काफेस’चा भाग सोडू नका. अडचण अशी की जनानखान्याची वाट तिसऱ्या अंगणात बाहेर काढते. लोक तिथून सरळ खजिन्याकडे वळतात आणि दिवाणखाना, मुदपाकखाना राहूनच जातात. शिवाय बाब-उस्-सआदत उलट्या बाजूने बघितल्यासारखा होतो. म्हणून बाहेर आल्यावर न कंटाळता दुसऱ्या अंगणात परत या, आणि तिथून पुन्हा रीतसर आत शिरा. खजिना शेवटी, नाही जमला तरी फारसं बिघडत नाही. चौथ्या अंगणातल्या बगदाद मंडपाला मात्र अर्धा तास ठेवा.

गुडघे दुखत असतील तर फरसबंदी आणि पायऱ्या विचारात घ्या. मग दोल्माबाह्चेच बरा, आणि त्यात कमीपणा काही नाही. ट्रामची तीच टी-वन लाइन दोन्हीकडे नेते: तोपकापीसाठी सुलतानअहमद किंवा गुल्हाने, दोल्माबाह्चेसाठी काबाताश. तोपकापी मंगळवारी बंद असतो, दोल्माबाह्चे सोमवारी. तुमच्या हाती मंगळवारच असेल, तर प्रश्नच मिटला.