गॅलरीतला कंपोस्ट डबा नागपूरच्या उन्हात चालतो का? पूर्ण रिव्ह्यू, ५ पैकी ३.५

आधी सरळ सांगते, डबा चांगला आहे, सोबत येणारं माहितीचं कार्ड टाकून द्या अन् फुकट दिलेल्या "कंपोस्टेबल" पिशव्यांवर तर अजिबात भरोसा ठेवू नका. ज्यांना एवढंच पाहिजे होतं ते इथून जाऊ शकतात. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहून राहिले कारण ऑनलाइन जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे बंगलोर नाहीतर पुण्याचे, तिथल्या हवेत काहीही सडतं बाप्पा, आपल्याकडे मे महिन्यात कोथिंबिरीची जुडी दुपारपर्यंत वाळून कडकड वाजते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असे डबे बरेच जण विकतात अन् रंग सोडला तर सगळे सारखेच दिसतात. एकावर एक बसणारे दोन डबे, प्रत्येकी वीसेक लिटरचे, बाजूला हवेची भोकं, तळाशी पाणी काढायला नळ, ढवळायला एक छोटा पंजा, कोकोपीटची वीट अन् जिवाणूंची पावडर. अडीच हजारांच्या आत पडतं सगळं. चार माणसांच्या घरचा ओला कचरा एका डब्यात महिनाभर तरी मावतो, कारण वरून भरता तसा तो खालून बसत जातो, जिवाणू खातात, त्यातलं पाणी उडतं अन् बराचसा कार्बन वायू होऊन हवेत जातो, त्यामुळे भरलेल्याच्या निम्म्याहूनही कमी खत हातात येतं. "एवढं टाकलं अन् एवढंसंच निघालं" म्हणून एक स्टार देणारे रिव्ह्यू वाचले तेव्हा हसूच आलं.

आता उन्हाळा. सगळ्यांना वाटतं की नागपूरचं ४५ डिग्री ऊन म्हणजे कचरा झटक्यात सडणार. उलटं होतं. उन्हात कचरा सडत नाही, वाळतो, अन् वाळला की काम थांबलं. सडवायचं काम जिवाणू अन् बुरशीचं, त्यांना ओल लागते, साधारण ५० ते ६० टक्के, ४० च्या खाली गेलं की ते मंदावतात अन् मग तुम्ही महिनाभर जे साठवून राहिले ते खत नसून वाळवण असतं. म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत डबा गॅलरीतून उचलून बाथरूमच्या बाहेरच्या सावलीत ठेवायचा, भोकांवर बारदान्याचा ओला तुकडा टाकायचा अन् ढवळताना मूठभर कचरा दाबून बघायचा, एखाद-दोन थेंब निघाले तर बरोबर, काहीच नाही निघालं तर पाणी शिंपडा. कार्डावर "जास्त पाणी घालू नका" असं ठळक लिहिलंय, ते पावसाळ्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे पावसाळ्यात खरंच उलटा त्रास, सगळं लिबलिबीत होतं, हवा आत जात नाही अन् सडक्या अंड्यासारखा वास येतो, तेव्हा कोरडं घालायचं अन् रोज ढवळायचं.

कोरडं म्हणजे काय ते पण सांगते, कारण कंपनीची रिफिल पावडर महाग आहे अन् तिची गरज नाही. भाजीपाल्याच्या सालांमध्ये नायट्रोजन जास्त, त्याला जोडीला कार्बनवालं काहीतरी लागतं, नायट्रोजनच्या एका भागाला साधारण २५ ते ३० भाग कार्बन असा हिशेब असतो, पण वजनकाटा घेऊन बसायचं नाही, एक वाटी ओलं तर वाटीभर किंवा थोडं जास्त सुकं, एवढं पुरतं. लकडगंजात आरामशीनीवर भुसा मिळतो, फक्त प्लायवूडचा घेऊ नका, त्यात गोंद असतो, साध्या लाकडाचा मागा. गल्लीतली कडुनिंबाची वाळकी पानं चालतात, तसंही लोक ती जाळूनच टाकतात. अन् सगळ्यात भारी म्हणजे कूलरचं जुनं गवत! सीझन संपला की अख्ख्या शहरात ते फेकून देतात, खरं तर ते लाकडाचंच तासलेलं असतं, वर क्षारांचा पांढरा थर असतो तो झटकून, धुऊन, कात्रीने बारीक करून टाकायचं. हळू सडतं, लाकूडच ते, पण हवा खेळती ठेवतं. हनीकोंबवाले खाकी पॅड मात्र टाकू नका.

संत्र्याबद्दल वेगळं लिहावंच लागेल, नागपुरात राहून हे टाळणार कसं. अंबिया अन् मृग, संत्र्याच्या या दोन्ही बहारांच्या सीझनला आमच्या घरी डस्टबिनात संत्र्याच्या सालीच जास्त असतात, अन् कार्डावर लिहिलंय "लिंबूवर्गीय साली टाकू नका". का, तर सालीत लिमोनिन नावाचं तेल असतं, जिवाणूंना ते आवडत नाही अन् एकदम ढीग टाकला तर काम अडतं. बरोबर आहे, पण बंदी घालण्याइतकं नाही. साली बारीक तुकडे करून दोन-तीन दिवस उन्हात टाका, तेल बरंचसं उडून जातं, मग थोड्या थोड्या मिसळा, छान मुरतात. कोस्टा रिकात तर १९९० च्या दशकात एका ज्यूस कंपनीने १२,००० टन साली अन् चोथा पडीक कुरणावर टाकला होता, पुढे कोर्टकज्जे होऊन ते बंद पडलं अन् जागा सगळे विसरले, अन् २०१७ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांचा पेपर आला की बाजूच्या जमिनीपेक्षा तिथली झाडोरा-लाकूड मिळून वाढ १७६ टक्के जास्त निघाली. कळमन्याच्या फळबाजारात जे खराब संत्रं फेकलं जातं त्याचा विचार करा म्हणजे.

आता त्या कार्डावर येऊ, माझा खरा राग तिथेच आहे. मागच्या बाजूला एक रंगीत तक्ता छापलाय, केळीचं साल इतके आठवडे, पेपर कप पाच वर्षं, प्लास्टिकची बाटली ४५० वर्षं, काच दहा लाख वर्षं. असे तक्ते शाळेच्या भिंतींवर पण असतात. अहो, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचं पेटंटच १९७३ चं आहे, ४५० वर्षं कोण थांबलं मोजायला? हे सगळे अंदाज असतात अन् अंदाज कोणत्या परिस्थितीतला ते तक्ता सांगत नाही. सडणं हे वस्तूवर जेवढं तेवढंच जागेवर अवलंबून असतं. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रथ्जे यांनी १९७३ मध्ये कचऱ्याचा अभ्यास सुरू केला, पुढे चक्क डम्पिंगचे ढीग खोदले, तर कित्येक दशकं जुनी वर्तमानपत्रं निघाली अन् ती वाचता येत होती! कागद, जो तक्त्यात काही आठवड्यांत "गायब" होतो. दाबून, झाकून टाकलं, हवा नाही, ओल नाही, मग सडणार कसं.

आणि जे हवेशिवाय सडतं ते आणखी वाईट. आपल्या भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डला जे ओलं-सुकं एकत्र जाऊन ढिगाखाली दबतं, तिथे आत हवा नसते, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात अन् मिथेन तयार होतो, जो १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरतो, वरून तो पेट घेतो. उन्हाळ्यात तिथून धूर येतो त्या बाजूच्या लोकांना विचारा. ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत जातं ते वेगळंच. तोच भाजीपाला आपल्या डब्यात हवेत सडला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच निघतो, जो त्या भाजीने थोड्या महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतला होता. हे दोन ओळींत कार्डावर छापलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याऐवजी "पृथ्वी वाचवा" अन् हिरवं पान.

पेपर कपची पण गंमत बघा. कार्डात कपाची नोंद होती म्हणून टाकून बघितला. कागद गेला, आत कपाच्याच आकाराची पातळ पारदर्शक पन्नी उरली, कारण कपाला आतून पॉलिथिनचं अस्तर असतं, नाहीतर चहा धरणारच नाही. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपात गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० मायक्रोप्लास्टिकचे कण आढळले होते. टपरीवर आता मी काचेचा ग्लास मागते. काही टी-बॅगांचं पण तसंच, पत्ती मुरते अन् जाळी उरते.

गल्लीतली पानं गोळा केली तेव्हा त्यात खर्र्याच्या (सुपारी-तंबाखू-चुना घोटून करतात तो) पन्न्या आल्या, आपल्या शहराची खासियत, नजरेतून सुटून दोन-चार डब्यात गेल्या. खत चाळताना निघाल्या तशाच्या तशा, धुतल्या असत्या तर त्यात परत खर्रा घोटता आला असता. जिवाणूंच्या हाती पॉलिथिन लागत नाही, त्याची साखळी तोडणं त्यांना जमत नाही. उन्हात मात्र ती कडक होते, चुरते, पण चुरा म्हणजे नष्ट नाही, बारीक प्लास्टिकच ते, मातीत अन् नालीत जातं. एवढीशी, खराब, चुना लागलेली पन्नी भंगारवाला उचलत नाही, कचरा वेचणाऱ्या बायका उचलत नाहीत. राज्यात २०१८ पासून बंदी आहे अन् देशात २०२२ पासून सिंगल यूजच्या बऱ्याच वस्तूंवर, पण कोणत्याही पानठेल्यासमोरची नाली बघा.

आता त्या फुकटच्या हिरव्या पिशव्या. कंपनी म्हणते डब्यात पिशवी लावा, कचरा भरा, पिशवीसकट सडेल. नाही सडली. फाटली, चिकट झाली, खतात तिचे हिरवे तुकडे फिरत राहिले. ग्राहक सेवेवरच्या मुलीने सांगितलं "मॅडम, सर्टिफाइड आहे", अन् ती खोटं बोलत नव्हती, पिशवीवर आयएसओ १७०८८, म्हणजे कंपोस्टेबल प्लास्टिकचं आंतरराष्ट्रीय मानक, छापलंय. पण ते प्रमाणपत्र मोठ्या कंपोस्ट प्लांटच्या हिशेबाने आहे, जिथे ढीग ५८ डिग्रीच्या आसपास तापलेला राहतो अन् तिथे १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बन वायूत जायला पाहिजे अशी अट. पिशवीत जे पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक) असतं ते ६० च्या आसपास मऊ पडतं, तेव्हा कुठे ते लवकर तुटायला लागतं. वीस लिटरच्या डब्यात एवढी गरमी टिकत नाही, त्यासाठी साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. अन् बाहेरचे ४५ मदतीला येत नाहीत हे वर सांगितलंच. नालीत किंवा तलावात गेली तर ही पिशवी साध्या पन्नीच्या फार पुढे नाही. आम्ही डब्यात जुना पेपर अंथरतो.

आईंना (सासूबाई) अळ्यांचं जाम टेन्शन होतं. पावसाळ्यात करड्या-पांढऱ्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतील, त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट जिवाणूंपेक्षा फटाफट खातात. चिलटं झाली तर वरून भुशाचा थर द्या. सावजीचा तेलकट रस्सा अन् हाडं मात्र टाकू नका, तेलाने हवा बंद होते अन् उंदीर येतात. आंब्याच्या कोया अन् मक्याची बुरखुंडं वर्षभर तशीच राहतात, चाळून परत पुढच्या डब्यात.

"३० दिवसांत तयार खत" हा दावा धरू नका, हिवाळ्यात तर नाहीच. भरून झाल्यावर दोन-अडीच महिने मुरू द्या, मातीचा वास आला की थोड्या खतात मेथीदाणे टाकून बघा, नीट उगवले तर कुंडीत घाला, कच्चं घातलं तर झाड पिवळं पडतं. नळातून निघणारं पाणी वीसपट पाण्यात मिसळून द्या.

दीड स्टार कापला तो पिशव्या, कार्ड अन् नळासाठी. नळ दुसऱ्याच महिन्यात गळायला लागला, कंपनीने नवा पाठवला, तो पण गळतो. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात कूलरच्या टाकीचा नळ मिळतो, वायसरसकट तोच बसवून घ्या.