भर दुपारी दाखवलेली रात्र: फोंड्यातील भाड्याच्या प्रोजेक्टरविषयी

भारतीय अंतराळवीर ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांना अंतराळातून परत आणणारी ड्रॅगन नावाची कुपी (छोटे यान) १५ जुलै २०२५ रोजी समुद्रात उतरणार होती. वाड्यावरील मुलांना ते मोठ्या पडद्यावर पाहता यावे, म्हणून आम्ही फोंड्यातील एका दुकानातून प्रोजेक्टर, पडदा आणि ध्वनिवर्धक असा संच दीड हजार रुपये भाड्याने घेतला. सामान वेळेवर आले आणि जोडणीही नीट झाली.

अडचण उजेडाची झाली. 'दिवसाही स्वच्छ दिसेल' असे दुकानदाराने सांगितले होते. परंतु देवळाचा सभामंडप तीन बाजूंनी उघडा, आणि कुपी उतरणार होती ती कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळ, जिथे आपल्या दुपारच्या तीन वाजता मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजलेले असतात. म्हणजे मुळातले चित्रच काळ्या-करड्या छटांचे, त्यावर हा मिणमिणता दिवा. पडद्यावर नुसता राखाडी चौकोन दिसू लागला, तेव्हा शेजारच्या वहिनींनी पावसाळ्यासाठी बांधलेली निळी ताडपत्री सोडवून आणली आणि ती दोन खांबांना ताणल्यावर कुठे चित्र उमटले. (दुकानदाराने निदान पडदे तरी सुचवायला हवे होते.)

ध्वनिवर्धकाविषयी मात्र तक्रार नाही. ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने वातावरणात शिरणाऱ्या कुपीभोवती तापलेल्या वायूचे, म्हणजे प्लाझ्माचे, आवरण तयार होते आणि काही मिनिटे रेडिओ संपर्क तुटतो. ती शांतता इतकी स्पष्ट ऐकू आली की, एका मुलाने यंत्र बंद पडले असे समजून तार हलवून पाहिली. संपर्क परत आल्याचा पहिला खरखरीत शब्द ऐकताच सभामंडपात टाळ्या पडल्या. आधी दोन छोटी, मग चार मोठी हवाई छत्रे उघडली. मुलांनी ती मोठ्याने मोजली, आणि तीन वाजून एक मिनिटाच्या सुमारास कुपी पाण्यावर टेकली. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयुझ या सोव्हिएत यानातून परतले, तेव्हा आम्ही ती बातमी फक्त वर्तमानपत्रात वाचली होती.

संच परत करताना उजेडाची तक्रार सांगितली. दुकानदाराने वाद न घालता दोनशे रुपये कमी केले. रात्रीच्या कार्यक्रमाला हा संच खुशाल घ्यावा. दुपारी घ्यायचा असेल, तर ताडपत्री आपली आपण न्यावी.