एका थेंबाचे पाच हजार

ज्यांच्या घरात लकव्याचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. गुडघेदुखीवाल्यांनीही वाचावं, कारण नळीने पायातला 'पू' काढायच्या नावाखाली लुबाडणाऱ्या भोंदू वैद्यांच्या या टोळ्या मूळच्या गुडघ्यांवरच जगतात, असं आम्हाला पोलीस ठाण्यात कळलं. तक्रार सांगायला सुरुवात केली तोच ड्युटीवरचे हवालदार म्हणाले, "पितळी नळीवाले का?"

हे लोक थेट औषध घेऊन दारात येत नाहीत. आधी भेटतो एक सज्जन माणूस. इस्त्रीचे कपडे, हातात भाजीची पिशवी, अदबशीर बोलणं. आई-बाबा डोंबिवलीत फिजिओथेरपी संपवून रिक्षाची वाट बघत उभे होते. बाबांचा उजवा पाय गुडघ्यात नीट वाकत नाही, बाहेरून गोल फिरून पुढे येतो. लकवा होऊन गेलाय हे ओळखायला तेवढं पुरतं.

"काकू, काकांना पॅरालिसिस झालाय का? माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं. आता एकटे देवळात जाऊन येतात."

पत्ता दिला नाही, पैशाचा विषय काढला नाही. आईनेच वैद्याचा नंबर मागितला, तर म्हणाला, "सासूबाईंकडे असेल, विचारून कळवतो," आणि आईचाच नंबर घेऊन गेला. मला यातली सगळ्यात हुशार चाल हीच वाटते. गरज आपली आणि उपकार त्याचे, असं गणित तिथेच बसलं.

मग फोन आला. वैद्यजी परराज्यातले, इथे दोनच दिवस आहेत, परवा निघणार. तपासणीचे फक्त 500 रुपये. पायात 'विषारी पू' साठलाय, तो काढायचा, एका थेंबाचे 5 हजार, चार-पाच थेंब निघतील. दुपारी मी ऑफिसात असताना तिघं घरी आले. वैद्य, त्याचा मदतनीस आणि ओळख म्हणून तो सज्जन. स्टीलची ताटली आणि कोमट पाणी मागितलं. बाबांच्या पोटरीवर कसलीशी पूड चोळली, ब्लेडने बारीक चिरा दिल्या, पितळी नळी टेकवून तोंडाने ओढलं आणि ताटलीत पिवळट, चिकट थेंब टाकला. मदतनीस कागदावर रेघा मारत होता. चार उभ्या, पाचवी आडवी.

रेघा वाढायला लागल्यावर आई म्हणाली, "बास, थांबा आता." त्यावर उत्तर तयार होतं. "मध्येच सोडलं तर विष वर चढेल, मग दुसरा झटका येईल." ज्या बाईने नवऱ्याला एकदा आयसीयूत पाहिलंय ती यापुढे काय बोलणार? शेवटी 57 रेघा झाल्या, म्हणजे 2 लाख 85 हजार. 'तुमच्याकडे बघून' 2 लाख 40 हजारांवर आणले. कपाटातले 40 हजार तिथेच घेतले. उरलेल्यांसाठी आईला रिक्षातून बँकेत नेलं. वाटेत पढवलं की, कॅशियरने विचारलं तर घराचं काम काढलंय म्हणून सांगा. कॅशियरने खरंच विचारलं आणि आईने तेच सांगितलं. 1 लाख रोख काढले, 1 लाखाचा चेक लिहून घेतला. त्यावर वैद्याचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं.

चेकचे पैसे वाचले, कारण आईने संध्याकाळीच मला सांगितलं आणि त्याच रात्री नेटबँकिंगवरून तो थांबवला. 1 लाख 40 हजार गेले ते गेलेच.

आता त्या पुवाबद्दल. लकवा हा पायाचा आजार नाही, मेंदूचा आहे. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि तिथल्या पेशी मरतात. डाव्या बाजूला इजा झाली तर उजवं अंग जातं. म्हणजे बिघाड डोक्यात आणि विष काढणार पोटरीतून! पायात खरंच पू असता तर सूज, लाली, ठणका, ताप यांतलं काहीतरी असतं. बाबांना काहीही नव्हतं. नळीचं एक टोक कातडीवर होतं, दुसरं त्या माणसाच्या तोंडात. थेंब कुठून आला हे तुम्हीच ठरवा.

पैशापेक्षा मला दुसऱ्या गोष्टींची जास्त भीती वाटते. बाबांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. साहजिकच चिरांमधून रात्रीपर्यंत रक्त झिरपत राहिलं. मदतनीसाने 'नस मोकळी करायला' लुळा हात वर ओढला. लकव्यानंतर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, असा हात ओढला की सांधा निसटू शकतो. तो दुखरा खांदा अजून सुधारतोय. आणि जाताना सांगून गेले की इंग्रजी गोळ्या आठ दिवस बंद ठेवा. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी परस्पर बंद करणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण. ज्या झटक्याची भीती घालून पैसे उकळले, त्याचीच सोय करून गेले.

पण आई त्यांचं ऐकायला तयार का झाली? खरं घोडं पेंड खातं ते इथे. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते. मेंदूचे शाबूत भाग गेलेल्या भागाचं काम शिकत असतात, आणि ते तीच हालचाल पुन्हा पुन्हा करूनच शिकतात. पुढे वेग मंदावतो, थांबत मात्र नाही. हे आम्हाला डिस्चार्जच्या वेळी कोणी बसवून सांगितलं नव्हतं. फाइलवर 'फिजिओथेरपी चालू ठेवावी' एवढीच ओळ. सुरुवातीला दर आठवड्याला काहीतरी नवीन जमायचं, नंतर महिना महिना काही दिसेना. आईला वाटलं, उपचार संपले. ताटलीत पडणारे थेंब निदान डोळ्यांना दिसत तरी होते.

त्यात बाबांनी व्यायाम जवळजवळ सोडलाच होता. सकाळी उठायचं नाही, जेवण अर्धवट, टीव्हीवर क्रिकेट लागलं तरी भिंतीकडे तोंड. आम्ही त्याला हट्टीपणा म्हणत होतो. या प्रकारानंतर न्यूरोलॉजिस्टकडे नेलं तेव्हा पोटरीच्या जखमा बघता बघता त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे? रडू येतं का?" बाबा तिथेच रडले. लकव्यातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बाबा स्वतःहून पट्टा बांधून गॅलरीत उभं राहायला लागले. तोवर आम्ही पायाच्याच मागे लागलो होतो. घरात असं कोणी असेल तर टेलि-मानसच्या 14416 या सरकारी नंबरवर फोन करा, मराठीत बोलता येतं.

असे लोक तुमच्याकडे येऊन गेले असतील तर ताटली धुऊ नका, कापूस टाकू नका. आमची ताटली आईने लगेच घासून टाकली होती. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. पैसे यूपीआयने गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करा. पोलिसांत फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली घेतात. आणि कोणी आयुर्वेदाचा वैद्य म्हणवत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. खऱ्या वैद्याला त्याचा राग येत नाही. आमच्या ओळखीच्या आयुर्वेदिक डॉक्टरीणबाई तर हा प्रकार ऐकून आमच्यापेक्षा जास्त चिडल्या.

आमच्या बाबतीत चेकवरच्या नावावरून तपास चालू आहे. तो सज्जन मात्र फुटेजमध्ये स्पष्ट दिसतो. पन्नाशीचा, निळा शर्ट, डाव्या मनगटावर जाड लाल दोरा. डोंबिवली-कल्याण भागात दवाखान्याबाहेर असा कोणी सासऱ्यांची गोष्ट सांगायला लागला तर त्याच्याशी वाद घालू नका, बोलण्यात गुंतवून ठेवा आणि 112 लावा.