आठ महिन्यांच्या वापरानंतर: फोटो मस्त, पण तो व्ह्यूफाइंडर!

हे लिहायचं कधीपासून टाळत होते, पण मागच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला जे झालं त्यानंतर राहवेना. माझ्या डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याच्या (आतल्या आरशामुळे लेन्समधलंच चित्र दाखवणारा) व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या भोकात, एक काळा ठिपका दिसायला लागला होता, मधल्या फोकस पॉइंटच्या जरासा वर, आणि दातात काही अडकलं की जीभ कशी सारखी तिथेच जाते तसं माझं झालेलं, समोर काय आहे ते सोडून मी ठिपकाच बघत बसायचे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फोटोत येतोय का?" म्हटलं नाही. "मग तो फोकसिंग स्क्रीनवरचा कचरा आहे, वॉरंटीत बसत नाही, तपासणीची फी मात्र लागेल." (फोकसिंग स्क्रीन म्हणजे व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर उमटतं ती आतली काच.) म्हणजे काही करणार नाही आणि त्याचेच पैसे घेणार! अर्धा तास हुज्जत घातली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

तर मुळापासून. माझ्याकडे बरीच वर्षं फिल्मवाला एसएलआर होता, सगळं हाताने करायचं, ५० एमएम एफ/१.८ आणि एक १३५. रोल विकत घ्या, धुवायला द्या, वर स्कॅनचे वेगळे, एका फोटोला तीनदा पैसे मोजायचे, आणि ३६ मधले ५-६ धड निघायचे. शेवटी हिशोब मांडला आणि सगळ्यात खालच्या रेंजमधली डिजिटल बॉडी घेतली, सोबत मिळणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्ससकट. जुन्या लेन्स वाया जाऊ नयेत एवढीच अट होती.

आणि इथेच पहिला दणका. लेन्स बसणं आणि लेन्स चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकॉनचा एफ माउंट (लेन्स अडकवायची खाच) १९५९ पासूनचा आणि पेंटॅक्सचा के माउंट १९७५ पासूनचा, त्यामुळे जुनी लेन्स त्यांच्या डिजिटल एसएलआरवर बऱ्याचदा चढते तरी. ज्यांच्याकडे कॅननच्या एफडी लेन्स आहेत त्यांचं अवघड आहे, कारण १९८७ मध्ये ईएफ आला आणि माउंटच बदलला. माझी लेन्स खट्कन बसली, मी खूश, आणि बघते तर उजेड मोजणारा मीटर बंद. स्वस्त बॉडीत जुन्या लेन्सला मीटरच देत नाहीत काही जण. मग काय, कडक उन्हात एफ/१६ आणि शटर एक भागिले आयएसओ (आयएसओ १०० ला १/१०० सेकंद), हा जुना अंदाज वापरायचा, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा, सुधारायचं. दोन आठवड्यांत हात बसला, आता त्याचं काही वाटत नाही.

व्ह्यूफाइंडरचं मात्र वाटतं. तुम्ही सगळे मेगापिक्सेल बघता, मीपण तेच बघितले, त्या भोकाला डोळा लावून कोणी बघत नाही. फिल्म कॅमेऱ्यात डोळा लावला की खिडकी उघडल्यासारखं वाटायचं, इथे बोळाच्या टोकाला कोणीतरी टीव्ही लावून ठेवलाय असं वाटतं. बरं, स्पेक्समध्ये व्ह्यूफाइंडरमधल्या चित्राचा मोठेपणा ०.८ पट लिहितात आणि आपण फसतो. ओलिंपसच्या जुन्या फिल्मवाल्या ओएम-१ चा ०.९२ होता, म्हणजे फार फरक नाही ना? पण हा आकडा दोन्हीकडे ५० एमएम लेन्स लावून मोजतात आणि सेन्सर लहान आहे, फिल्मची फ्रेम ३६ x २४ मिमी आणि हा जेमतेम २४ x १६. म्हणून ०.८ ला १.५ ने भागायचं, उरतं ०.५३. त्यात आत काचेच्या घन प्रिझमऐवजी आरसे जोडलेले, म्हणून अंधारलेलं, आणि किट लेन्स ५५ ला एफ/५.६, म्हणून आणखी अंधार. जुन्या स्क्रीनवर मधोमध ते दुभंगलेलं वर्तुळ असायचं, दोन तुकडे जुळले की फोकस झाला, तेही नाही. सुरुवातीला ५० एमएम १.८ वर उघडी ठेवून काढलेले निम्मे फोटो हुकले. डोळ्यावर फोकस धरला तर कानावर लागायचा.

आता इथे मला थोडं मागे घ्यावं लागणार आहे. हुज्जत चालू असताना त्या मुलाने कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला लावला आणि शेजारचं एक बारकं चाक फिरवलं. परत माझ्या हातात दिला. सगळं लख्ख! डायॉप्टरचं चाक, म्हणजे व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेच्या नंबराशी जुळवायचं. बॅगेत घालता-काढताना घासून फिरलं असणार, किती महिने ते देव जाणे. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला असलं चाकच नव्हतं, त्यामुळे डोक्यातच आलं नाही. (लेन्समधून काय दिसतंय ते बघायचं नाही, आतल्या फोकस पॉइंटच्या रेघा स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायचं.) तर वर जे हुकलेल्या फोटोंबद्दल लिहिलंय त्यातला बराचसा दोष माझा. खोडत नाही, राहू दे. छोटं आणि अंधारलेलं मात्र ते आहेच, तेवढं मागे घेणार नाही. फोकस जमला की खाली हिरवा ठिपका लागतो, चाक जागेवर आल्यापासून त्याच्या भरवशावर चार दिवसांत ५० एमएमवर पुष्कळ धड फोटो आलेत.

फी पण त्याने घेतली नाही. लिहायला हवं, सांगितलं नाही तर अन्याय होईल.

बाकीचं भरभर. लहान सेन्सरमुळे ५० ची लेन्स आता ७५ सारखी दिसते, पोर्ट्रेटला झकास, पण कोणाकडे जुनी २८ असेल तर ती ४२ होते, वाइड म्हणून संपली. निगेटिव्हवर मी सवयीने एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट उजेड) द्यायचे, इथे तसं केलं तर आकाश पांढरं फटक पडतं आणि ते परत येत नाही, स्लाइड फिल्मसारखं वागवा. आयएसओ दर फोटोला बदलता येतो याचं सुख काय सांगू, पूर्वी ४०० चा रोल घातला की तो संपेपर्यंत लग्न लागलेलं. आणि सवय बघा, कार्डात शेकडो फोटो मावतात तरी बाहेर पडले की मी ३५-४० च्या वर काढतच नाही, हात आखडतोच.

मिररलेस (आत आरसा नसलेला, इलेक्ट्रॉनिक पडद्यावर चित्र दाखवणारा कॅमेरा) घ्यायला हवा होता का? अडॉप्टर लावून त्यावर जवळपास कुठलीही जुनी लेन्स चालते, एफडीसुद्धा, आणि फोकस करताना चित्र मोठं करून बघता येतं. मी एकदा हाताळला होता, तो इलेक्ट्रॉनिक पडदा डोळ्यांना झेपला नाही आणि बॅटरी लवकर संपते म्हणून सोडला. आज दुकानात गेले तर दहा मिनिटं जास्त बघेन.

सेन्सरवर धूळ आहे का ते बघायला, घरी येऊन सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलाने सांगितलं तसं एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढला. वरच्या डाव्या कोपऱ्यात राखाडी डाग! व्ह्यूफाइंडरमधला ठिपका फोटोत येत नाही, आणि फोटोत येतो तो व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही. रोलमध्ये दर फ्रेमला नवी कोरी फिल्म पुढे सरकायची, इथे एकच सेन्सर जन्मभर. बॅटरी पूर्ण चार्ज करून, मेन्यूतून आरसा वर करून, कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअरने चार-पाच फवारे मारले, गेला. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

आतला काळा ठिपका अजून तिथेच आहे. चित्र मोठं दाखवणारं एक आयपीस बघून ठेवलंय, पण चष्मा लावून बघितलं तर त्यात कोपरे कापले जातात, म्हणून अजून मागवलेलं नाही.